कापून टाकलेल्या कडा

चिमे,

फोन घरीच विसरलीस, म्हणून लिहितेय. स्क्रॅपबुकचं पान बरं जमलंय, पण तुला घाई फार. मोठा फोटो बरोब्बर मधोमध नको, जरा बाजूला घे. भोवती मोकळी जागा सोड. आणि सगळं मांडून बघितल्याशिवाय डिंक लावायचा नाही, हे कितीदा सांगू?

आपले चेहरे मोठे दिसावेत म्हणून तू फोटोंच्या कडा कापून केरात टाकल्यास. मी त्या उचलल्या आणि तारखेप्रमाणे मांडून बघितल्या. पाचही तुकड्यांत करड्या टोपीचा एकच माणूस आहे. पहिल्यात तो बागेत लांब झाडाखाली उभा आहे, मग बसस्टॉपवर तुझ्या पाठीमागे. रविवारच्या फोटोत तो आपल्या जिन्यात आहे.

तुकडे घेऊन मी पोलिस चौकीत जातेय. आईला एवढ्यात काही बोलू नकोस, उगाच तिचा जीव टांगणीला लागेल. हे वाचून झालं की आधी आतून कडी घाल. बेल वाजली तरी उघडू नकोस, मी आल्यावर खालून हाक मारेन.

कुंडीखालची जादाची किल्ली तूच घेतलीस ना? मी घेतलेली नाही.

ताई