मुळासकट पुसा

सणसर,
२ सप्टेंबर २०२५

ती. मुक्ताआत्यास,
श्रेयाचा शि. सा. न. वि. वि.

फोन न करता कागद का काळा करतेय, असं तुला वाटेल. माझा फोन दीपक रोज संध्याकाळी उघडून बघतात आणि कुणाशी काय बोलले ते विचारतात. शेजारच्या ठमाबाई उद्या भाजी घेऊन बारामतीच्या मंडईत येणार आहेत, त्यांच्या पिशवीत हे पत्र टाकतेय. वाचून फाडून टाक.

आत्या, माझा प्रबंध गेला. पाटपाण्याच्या बोलीवरचं पाच वर्षांचं काम, कालव्याकाठच्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती, सगळं. आईकडून परत आले तर लॅपटॉप दुकानातून आणल्यासारखा कोरा. दीपक म्हणाले की व्हायरस आला होता, इंदापुरात नेऊन साफ करून आणला, आता कसा झटपट चालतोय बघ. वर चहा मागितला. मी तो करूनही दिला, त्याची आता जास्त चीड येते.

दिवाळीच्या आत प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द होते, आणि तुमच्या बारामतीच्या कॉलेजातली नोकरी त्यावरच अडली आहे. हे तुला ठाऊक आहे तसं त्यांनाही ठाऊक आहे. लोणी देवकरच्या कंपनीत त्यांना सगळे डॉक्टरीणबाईंचे मालक म्हणतात, बाईंची पर्स धरायला कधी जाणार असं विचारतात. ते त्यांना फार झोंबलंय.

व्हायरसवर मी विश्वासही ठेवला असता. पण ठमाबाईंच्या फोनवरून दुकानात विचारलं, तर तो बिचारा सरळ सांगून मोकळा झाला. साहेबांनी आधी स्वतःचं फोल्डर पेनड्राइव्हवर काढून घेतलं आणि बाकीचं मुळासकट पुसा म्हणाले. म्हणजे त्यांची गाणी वाचली, माझा प्रबंध तेवढा नासला.

मे महिन्यात तू मला बळेबळे काळ्या डिस्कवर सगळं उतरवून घ्यायला लावलं होतंस. ती डिस्क तुरीच्या डाळीच्या डब्यात आहे. लावून बघायचा धीर होत नाही. आधी मला एवढंच सांग, माणसाचा फोन असा कसा पुसायचा की त्यातलं काही परत येणार नाही? ते अंघोळीला गेले की फोन खिडकीत असतो.

उत्तर ठमाबाईंच्याच हाती दे. माया आहे तशीच असू दे.
तुझी,
श्रेया

बारामती,
४ सप्टेंबर

चि. सौ. श्रेयास,
अ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि भाजी करपली. दीपकराव आत्ता समोर असते तर काय केलं असतं ते लिहीत नाही, मी शाळेत गणित शिकवलेली बाई आहे.

त्यांच्या फोनला हात लावू नकोस. तो पुसलास की सगळ्या भावकीत तू वाईट आणि ते गरीब गाय. त्यांना धडा द्यायचाच आहे, त्यात मी तुझ्या पुढं दोन पावलं आहे. पण आधी आपलं हातात येऊ दे.

आता नीट वाच. ते कामावर गेले की डिस्क डब्यातून काढ, कोरड्या फडक्यानं पूस. (डाळीत डिस्क ठेवणारी तू आमच्या घराण्यातली पहिलीच. कडुनिंबाचा पाला घातला होतास का?) डिस्क लॅपटॉपला लाव आणि थांब. डिस्क फॉरमॅट करू का, असं लॅपटॉपनं विचारलं तर काही झालं तरी हो म्हणू नकोस. तसंच काढून मला कळव, आपण जाणकाराकडे नेऊ. नाही विचारलं तर आत जा, तुझं फोल्डर धर आणि कॉपी कर. कट करायचं नाही. कट केलंस आणि मधेच लाईट गेली तर ना घर का ना घाट का.

कॉपी झाली म्हणजे काम झालं असं समजू नकोस. प्रत्येक प्रकरण उघडून बघ, एखादी मुलाखत कानाला लावून ऐक. नुसतं नाव दिसतं आणि आत काही नसतं, असंही होतं. मग नव्या पेनड्राइव्हवर आणखी एक प्रत करून ठमाबाईंबरोबर माझ्याकडे पाठव. ज्या घरात चोर आहे त्या घरात सगळ्या प्रती ठेवायच्या नसतात.

आणि मेनंतर जे लिहिलंस ते त्या डिस्कवर नसणार. महिन्याच्या महिन्याला उतरवून ठेव असं मी सांगितलं होतं, तू हो हो म्हणालीस. आता रडायचं नाही, परत लिहायचं.

घरात तोंडावर काही दाखवू नकोस. चहा मागितला तर साखर घालूनच दे.
तुझं भलं चिंतणारी,
मुक्ताआत्या

सणसर,
९ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मिळालं. पाचवं प्रकरण सोडून सगळं मिळालं. मुलाखत ऐकायला लावली तर पहिलाच आवाज कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकरी नानांचा, पाण्याची पाळी चुकल्याबद्दल कुणाला तरी शिव्या देत होते. मी जमिनीवर बसून रडले. दुसरी प्रत या पिशवीत आहे, भेंडीच्या खाली.

आता दुसरी गोष्ट. तू सांगितलंस म्हणून एकेक उघडून बघत गेले, तर माझ्या प्रबंधाच्या फोल्डरात संदर्भसूचीच्या शेजारी खते नावाचं एक फोल्डर. मी असलं काही केलेलंच नाही. उघडलं तर आत पाखऱ्या. दीपकचा शर्यतीचा बैल, दोन वर्षांपूर्वी लम्पीनं गेला तो. शर्यतीच्या घाटात पळतानाचे, अंगावर गुलाल पडतानाचे, दीपकच्या खांद्यावर मान टाकून उभा असलेला, असे सगळे व्हिडिओ.

ते तिथं का, हे तुला सांगायला हवं. माझ्या सासऱ्यांचा, आबांचा, धाकटा भाऊ शर्यतीत गाड्याखाली सापडून गेला. तेव्हापासून या घरात शर्यतीचं नावसुद्धा कुणी काढत नाही. आबांनी दीपकला स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. यांनी शपथ घेतली आणि बैल लोणी देवकरला त्यांच्या मित्राच्या, अजितच्या गोठ्यात ठेवून पळवला. फोन भरला तेव्हा व्हिडिओ लॅपटॉपवर टाकले आणि लपवायला माझं फोल्डर निवडलं. या घरात माझा प्रबंध कधी कुणी उघडणार नाही, याची त्यांना तेवढी खात्री होती.

आणि कुठं लपवले ते स्वतःच विसरले. काल पाखऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली, म्हणून पेनड्राइव्ह शोधत बसले. त्यात काही नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. गोठ्यामागं जाऊन लहान पोरासारखे रडले. मी भाकरी थापत होते आणि मला बरं वाटलं. खरं सांगते, इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

डिस्कवरचा पाखऱ्या पुसून टाकू का? एक बटण दाबायचं आहे.
तुझी,
श्रेया

बारामती,
१० सप्टेंबर

चि. सौ. श्रेयास,
अ. आ.

पुसू नकोस. पुसलास तर ते आठ दिवस रडतील आणि मग दुसरा बैल आणतील. तुझ्याजवळ काय आहे ते त्यांना कळायला हवं, आणि ते कुणाच्या हाती द्यायचं ते तू ठरव.

पाचवं प्रकरण लिहायला माझ्याकडे ये. माझे गुडघे धरलेत असं घरी सांग, ते खोटंही नाही. येताना लॅपटॉप आणि डिस्क दोन्ही आण. खोली झाडून ठेवली आहे.
वाट बघणारी,
मुक्ताआत्या

सणसर,
१५ ऑक्टोबर

श्री. दीपक यांस,
सा. न. वि. वि.

इतक्या वर्षांत तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितेय, म्हणून मायना परक्यासारखा झाला. तसाच राहू द्या.

आत्याचे गुडघे महिनाभर दुखत होते ते माझा प्रबंध पुरा होईपर्यंत. काल तो जमा केला. कॉलेजनं दिवाळीनंतर रुजू व्हायला सांगितलं आहे. आज मी माझे कपडे न्यायला आले, तुम्ही कामावर असताना मुद्दाम आले. बारामतीत आत्याकडे राहणार आहे. परत बोलवायला येऊ नका.

व्हायरस नव्हता हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तुम्ही माझी पाच वर्षं पुसलीत आणि समोर बसून चहा प्यायलात. त्याची मी तुम्हाला माफी देणार नाही, आज नाही आणि म्हातारपणीही नाही.

तुमचा पाखऱ्या मला सापडला. तुम्ही जिथं लपवला होतात तिथंच, माझ्या प्रबंधात. तुम्ही माझ्यासारखं सगळं गमवावं असं फार वाटलं, पण मी तुमच्यासारखं वागणार नव्हते. मी पेनड्राइव्हवर तो उतरवला, प्रत्येक व्हिडिओ उघडून तपासला आणि मग डिस्कवरून, लॅपटॉपवरून, आत्याकडच्या प्रतीतून काढून टाकला. आता जगात त्याची तेवढी एकच प्रत आहे.

ती मी आबांना दिली. त्यांनी विचारलं की यात काय हाय, मी सांगितलं की तुमचा लेक हाय. पेनड्राइव्ह बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला लावून दिला आणि कोणतं बटण दाबायचं ते दाखवलं. आबांना त्रास होईल, त्याचं मला वाईट वाटतं. तुमचं वाटत नाही. हे व्हिडिओ कुठं सापडले असं त्यांनी विचारलं, तेव्हा दीपकला विचारा एवढंच म्हटलं.

हे पत्र देवळीत ठेवून निघतेय. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा आबा टीव्हीसमोर बसलेले असतील. पाखऱ्या हवा असेल तर त्यांच्याकडे मागा.

श्रेया