तिसरं पेर

सासूबाई, आधी आल्या त्या वन्सं. मुंबईच्या डॉक्टरांची गाडी यायच्या आधी, सावर्ड्याहून पहिली एसटी पकडून. चपला काढायच्या आत सुरू, "काय गो वहिनी, माझ्या मेलेल्या आईला कोर्टात उभी करतेस होय?" म्हटलं, आधी चहा घ्या, मग भांडू. दोन कप संपवले आणि हात पदराखाली ठेवून बसल्या. तुमचीच लेक, अंगठाही तुमचाच.

मग दोघी डॉक्टरणी आल्या, आमच्या रक्ताचे रिपोर्ट घेऊन. नात त्यातल्या मोठीला कडकडून चावली. ती हसून म्हणते, "चावते म्हणजे ताकद आली!" मला इतकं हसू आलं की डोळ्यांना पदर लावला. काय सांगू तुम्हाला, गाल कसे टम्म झालेत! गोळीने सुजलेत म्हणतात, सुजू देत. गेल्या वर्षी पोर केळीच्या गाभ्यासारखी पांढरी होती, दर महिन्याला रक्त चढवायचं. तसंच पांढरं मूल ह्या घरात आधी कुणाचं होतं ते तुम्हाला आठवत असेल.

माझ्या पहिल्याचं बारसं. घर बायकांनी भरलेलं. तुम्ही पाळण्यातून त्याची मूठ उचलता, बोटं उलगडता आणि सगळ्यांसमोर अंगठ्याची पेरं मोजता. लोकांच्या अंगठ्याला दोन, आपल्या घराण्यात तीन, बोटासारखा लांब. "आमचाच आहे!" म्हणून तुम्ही पेढे वाटलेत. दोन महिन्यांत तो पांढरा पडत गेला, दूध ओढताना दमायला लागला, तेव्हा मात्र तो माझा झाला. "हिचं दूध म्हणजे नुसतं पाणी," विहिरीवर चार बायकांत बोललात. पोर माझ्या अंगावरून काढून घेतलंत. गेला तेव्हाही तो माझ्या मांडीवर नव्हता. धाकट्याला शेळीचं दूध पाजलंत, तो जगला, ते श्रेय जन्मभर मिरवलंत.

आता ऐका. डॉक्टरीण म्हणाली, अंगात कणाकणात बारीक यंत्रं असतात, प्रथिनं बनवणारी. त्या यंत्रात खूप भाग, त्यातला एक भागही प्रथिनाचाच, नंबर एकोणीस. तो कसा बनवायचा हे लिहिलेलं असतं त्याला जीन म्हणतात. एक प्रत आईकडची, एक बापाकडची. एका प्रतीत चूक असली की भाग कमी पडतो आणि तांबडं रक्तच धरत नाही. आपल्या बागेतला पंप एवढ्याशा वायसरपायी पाणी चढवायचा थांबतो ना, तसं मी समजले. कुणाला फार बाधतं, कुणाला नुसता अंगठाच वेगळा येतो. नातीत ती चूक आहे. तिच्या बापात, माझ्या धाकट्यातही आहे, त्याला थोडकीच बाधली. शेळीचा काही संबंध नाही. माझं रक्त तपासलं, त्यात नाही. भिंतीवरचा तुमचा फोटो मी स्वतः उतरवून तिच्यापुढे धरला, खुर्चीच्या दांड्यावर हात आहे, लांब अंगठा दिसतो तो. ती म्हणाली, फोटोवरून नक्की सांगता येत नाही, पण त्यांच्याकडूनच आलेलं दिसतं. "आजी, ह्यात कुणाचाच दोष नसतो." ती लहान आहे. तिला सांगायला काय जातंय.

सुनेला मी सगळ्यांदेखत म्हटलं, तुझ्या दुधात काही खोट नव्हती हो. ती रडली. मला हे सांगायला त्या वेळी कुणी नव्हतं.

 मग वन्संनी हळूच डॉक्टरणीला विचारलं, "माझ्या सुनेला दिवस गेलेत. तिकडेही असेल का?" तिने वन्संना आणि त्यांच्या लेकाला रक्त द्यायला सांगितलं. "मंगळवारी लेकाला घेऊन येते," एवढं बोलल्या आणि माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, जेवायलाच या.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही. पोचणार असतं तर मी लिहिलंच नसतं, तुमची भीती अजून गेली नाही. डॉक्टरणीही मंगळवारीच परत येतो म्हणाल्यात.