लोगभर तेल

तकोआ, अदार महिना

प्रिय हानान यांस केसियाचा सा. न. वि. वि.

देवदयेने सर्व क्षेम. तुमचा महारोग गेला, अंग स्वच्छ आहे असे पुजाऱ्याने तपासून सांगितल्याचे कळले आणि मी चुलीपुढे रडत बसले. पुआ विचारते, भाकरी करपली का गं आई!

आता यरुशलेमच्या मंदिरात शुद्धीचा विधी झाला की तुम्ही घरी. तोवर वेशीच्या आत पाऊल नाही, असे गावच्या वडीलधाऱ्यांनी पुन्हा बजावले आहे. विधीला कोकरू आणि लोगभर तेल लागते. कोकरू तुमच्या भावाने दिले. तेल म्हणाल तर यंदा जैतून फळलेच नाहीत. लोग म्हणजे जेमतेम सहा अंडी मावतील एवढे माप, पण तेवढ्यासाठी आम्ही दिवा लावणे सोडले. सासूबाईंनी स्वतः काठोकाठ मोजले. म्हणाल्या, घाण्यावर होता तेव्हा एवढे तर हा नुसते सांडायचा. कोकरू आणि तेल तुमच्या भावाबरोबर पाठवते.

लोभ आहेच, घरी येऊन वाढवावा.
केसिया


यरुशलेम, निसान महिना

केसियास हानानचे अनेक आशीर्वाद.

तेल थेंबभरही कमी भरले नाही. आधी रक्त, मग तेल, उजव्या कानाला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि पायाच्या अंगठ्याला लावतात. मी हात पुढे केला आणि पुजारी थांबला. घाण्याच्या दगडाखाली माझा अंगठा गेला, हे आपल्यापैकी एकालाही आठवू नये!

एक म्हणाला, अंगठ्याच्या जागी लावा. दुसरा म्हणाला, डाव्याला चालेल. सर्वांत वडील पुजारी म्हणाला, अंगठा नाही त्याला शुद्धी नाही, कधीच नाही. त्याचेच चालले.

मी वेशीबाहेरच्या दरीतल्या झोपडीत परत जातो. तेल पाठवले आहे, दिवा लाव. पुआचे लग्न ठरव. बाप वारला म्हणून सांग.

माया असू द्यावी.
हानान


तकोआ, निसान महिना

हानान यांस केसियाचा नमस्कार.

बाप वारला म्हणून सांगू? लिहिताना हात कसा धजला तुमचा? मला फार राग आला आहे.

सासूबाईंना पत्र वाचून दाखवले. त्यांनी ते घेऊन नीट घडी घातली. मग म्हणाल्या, पोराचा हात हातात घेताना बोटे कोण मोजतं?

वडीलधाऱ्यांकडे गेले. म्हणाले, तो आत येणार नाही. मी विचारले, आम्ही बाहेर गेलो तर?

झोपडी झाडून ठेवा. खाट एकच आणतो आहोत, ती सासूबाईंची. उत्तर पाठवू नका, घरी घ्यायला कोणी नाही.

तुमचीच,
केसिया