सरळ गाडीचं वाकडं स्टेअरिंग

१२ जानेवारी १९८६, रविवार, संध्याकाळी

…आणि आमच्या नातीला बघायला सगळ्यांच्या आधी टपकली ती मुलाची आत्या, मालन. चारची वेळ दिलेली, ही साडेतीनला दारात! मी पदर खोचून पोह्यांना फोडणी घालतेय. म्हणते, "लवकर पोचले हो." पोचले कसली, मुद्दाम आली, घर आवरलंय का बघायला. मला विचारा. मी मुली बघायला कायम अशीच जायचे.

मग मुलगा आला, चंद्रप्रकाश, आणि त्याची आई विमलाबाई. मुलुंडची माणसं. मुलगा बसच्या वर्कशॉपात आहे. उंच, हसरा. आमच्या वसुधाने चहा दिला, थेंब सांडला नाही. म्हणजे आवडला तिला. मागच्या मुलाच्या तर मांडीवर ओतला होता.

चहा झाल्यावर मी म्हटलं, चला, आरे कॉलनी दाखवते. माझ्या मुलाने, नंदूने, गाडी घेतलीय ना! सेकंडहँड फियाट, पण आपली. पाहुणे येणार म्हणून मीच त्याला काल गॅरेजमध्ये पिटाळलं होतं, चाकं सरळ करून आण म्हणून. अलाइनमेंट म्हणतात त्याला. झालं काय, तेव्हापासून गाडी जाते सरळ आणि स्टेअरिंग राहतं वाकडं. तिरक्या टोपीसारखं. नंदूचा एक हात वर, एक खाली. मालन मागच्या सीटवरून टकामका बघतेय. शेवटी माझ्या कानाशी आली, "वसुधाचे बाबा घेतात का हो?"

माझा नंदू! खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून पिणारा!

मी नाही म्हटलं. पण जाताना ते लोक "कळवतो" म्हणाले. होकार असला की माणसं तारीख सांगतात. "कळवतो" म्हणजे वाट लागली. वसुधा जेवली नाही.

निश्चय: स्टेअरिंग सरळ करायचं. मी जातीने.

१३ जानेवारी, सोमवार, दुपारी

नंदूने अर्धी रजा टाकली. मी पण गेले गॅरेजला. नंदू म्हणाला, "आई, तुला काय कळतं गं त्यातलं?" कळतं म्हणजे! ह्यांनी तीस वर्षं बसमध्ये काढली. कंडक्टर होते, पण डबा ड्रायव्हरबरोबरच खायचे. आत्ता हे गावी गेलेत, म्हणून सगळं माझ्यावर.

सीताराम मेकॅनिक सरळ माणूस. गाडीखालून बाहेर येऊन म्हणाला, "आजी, चूक माझी. पुढच्या चाकांना दोन रॉड असतात, डावा नि उजवा. स्टेअरिंग सरळ धरून दोन्ही सारखे फिरवायचे. मी घाईत एकच फिरवला. गुरुवारी आणा, नीट करून देतो."

गुरुवारी? उद्या संक्रांत! तिळगूळ घेऊन मुलुंडला जायचं आणि मालनला सरळ स्टेअरिंग दाखवायचं, हा माझा पक्का बेत.

मी म्हटलं, "मेल्या, पातेल्यावर झाकण तिरकं बसलं तर आम्ही चूल हलवतो काय? झाकण उचलायचं, सरळ ठेवायचं. काढ ते चक्र नि बसव सरळ."

तो म्हणाला, "करतात तसं काही जण, पण बरं नव्हे ते. हॉर्नची वायर तिथंच असते. इंडिकेटरचा पण घोळ होईल."

मी म्हटलं, "मी तुझ्या दुप्पट वयाची आहे." त्याने पाना उचलला. नंदूने कपाळाला हात लावला. दहा मिनिटांत चक्र सरळ! शिकलेल्यांना सोपं सुचतच नाही. मी आपली चौथी पास.

१४ जानेवारी, संक्रांत, सकाळी नऊ

लाडू झाले. जरा कडक. नंदूचा खलबत्ता मागण्याचा विनोद मला कळला नाही.

निश्चय: मुलुंडला कमी बोलायचं.

तोच दिवस, संध्याकाळी सात

निश्चय जमला नाही.

आरे कॉलनी संपेपर्यंत झकास. मग पवईला उजवीकडे वळलो आणि हॉर्न लागला. नंदूने हात काढला तरी वाजतोय. गाडी सरळ झाली, थांबला. पुन्हा उजवीकडे, पुन्हा भोंगा. इंडिकेटर आपणहून बंद होईना, जायचं उजवीकडे नि दिवा डावीकडचा. मी म्हटलं, वाजू दे रे, शुभकार्याला वाजतगाजतच जातात. मुलुंडच्या गल्लीतलं शेवटचं वळण उजवीकडचंच निघालं. अख्खी बिल्डिंग गॅलरीत.

वर हळदीकुंकू चाललेलं. दहा-बारा बायका. विमलाबाईंनी हसून "या, या" केलं. मी गप्प बसले. अगदी दोन मिनिटं. पण नंदू घामाघूम, तोंड लाल, आणि मालन त्याच्याकडे बघतेय. आता ही बोलणार, असं वाटलं नि मी उभीच राहिले.

"हे बघा, माझा मुलगा पीत नाही!"

एकीचं कुंकवाचं बोट हवेतच.

विमलाबाई म्हणाल्या, "अहो आजी, पितात असं म्हणतंय कोण?"

मी मालनकडे बोट केलं. तेही नको होतं करायला.

विमलाबाईंनी मला आत नेलं. "तो विषय परवाच संपला हो. परत जाताना चंद्रूनेच सांगितलं, अलाइनमेंट चुकलीय, त्यांचा काही दोष नाही. मी काल पत्र टाकलंय तुम्हाला. मुलगी पसंत आहे, १९ तारखेला बोलणी करायला येतो म्हणून."

काल! म्हणजे मी त्या सीतारामशी झाकणावरून वाद घालत होते तेव्हा.

बाहेर आले तर दोन बायका नंदूला संसाराचा उपदेश करतायत. तिसरीने दारू सोडवणाऱ्या बुवांचा पत्ता दिला. नंदूने मुकाट्याने खिशात घातला.

चंद्रप्रकाशने खाली येऊन हॉर्नची वायर काढून ठेवली. निघताना विमलाबाई म्हणाल्या, "आजी, राग मानू नका, पण येत्या रविवारी नको. बिल्डिंगमधली कुजबुज जरा निवू दे. पुढच्या रविवारी येतो."

येताना गाडीत कोणी बोललं नाही. हॉर्न पण नाही.

१५ जानेवारी, बुधवार

पत्र आलं. मुलगी पसंत. तीनदा वाचलं. अक्षर सुरेख आहे विमलाबाईंचं.

वसुधा सकाळपासून माझ्याशी बोलत नव्हती. दुपारी मी म्हटलं, "बाय माझी, एक आठवडा जास्त मिळाला ना तुला माहेरी? तो माझ्यामुळे." रुसवा धरून ठेवायचा होता तिला, पण हसली. मग म्हटलं, लग्न जमवण्यात माझा हात आहेच थोडा. वसुधा म्हणाली, "तोच हात आता मांडीवर ठेव."

रॉड आता चंद्रप्रकाशच फिरवणार, बोलणीला येईल तेव्हा. डावा नि उजवा, दोन्ही. तेवढा वेळ मी वर गॅलरीत बसायचं असं घरात ठरलंय. मला न विचारता.

न्यायला गाडी पाठवू का, म्हणून नंदूकडून फोन करवला. नको, बसने येतो म्हणाले.

पत्र वाचून हौसेने कॅलेंडरवर १९ ला लाल पेन्सिलीने गोल केला होता, तो खोडला. रविवार, २६ जानेवारी. सकाळी दहा.