माझे धडधाकट कान

प्रिय विभा,

तुझी 'कान वाजतात' नावाची सगळी रिमिक्स पोचली. गाणी म्हणावीत की कटकट, मला कळलं नाही. तुझ्या कानात अष्टौप्रहर वाजणारी शिट्टी तू कॉम्प्युटरवर बनवलीस, तुझ्या मित्रांनी तिच्यावर ढोल काय, हॉर्न काय, सापडेल ते चढवलं, आणि पुण्यात लोक त्यावर नाचतात म्हणे. आजाराचंही कौतुक करून घ्यावं तर तूच. लहानपणी गोवर दोघींना आला, पण मोसंबी तुझ्याच उशाशी.

इथे रांझीत, आपल्या घरी तर तुझंच राज्य आहे. बाबांनी हेडफोन लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हेच ते. हेच माझ्या कानात वाजून राहिलं इतकी वर्षं." मग रडले. आई गेली तेव्हाही ते माझ्यासमोर रडले नव्हते. मला नेहमी म्हणायचे, "अंजनी, कुकर उतरव, शिट्टी होऊन राहिली." कुकर धुऊन पालथा घातलेला असायचा. मी हसायची, "बाबा, कान वाजून राहिले तुमचे." भास होतोय, एवढाच त्याचा अर्थ मला ठाऊक. आता शेजारच्या तिवारीजींना बोलावून ऐकवतात, "छोटी बेटी ने बनाया है, बीमारी मेरी वाली है." मोठी चहाचा ट्रे घेऊन उभी असते, तिचं नाव नाही.

हसू नकोस, पण मी अधारतालला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. बाबांना नाही, स्वतःला दाखवायला. पंखा बंद करून किती दुपारी शिट्टी शोधली मी. डॉक्टर म्हणाला, "दीदी, आपके कान तो एकदम बढ़िया हैं." बसमध्ये मला रडू आलं. बापाचं दुखणंसुद्धा धाकटीच्याच वाट्याला. तुझा हेवा वाटतो, सरळच सांगते.

बाबांना तुझ्याकडे राहायला यायचं होतं, कायमचं. "विभाला लिही," म्हणाले. मी ऐकू न आल्यासारखं केलं. पुन्हा म्हणाले, पुन्हा तेच केलं. तेव्हा माझ्या डोक्यावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "तुलाही वाजते का गं शिट्टी?" मी हो म्हणाले. आता म्हणतात, अंजनीला अशी सोडून कसा जाऊ. रोज संध्याकाळी आम्ही दोघं मिळून तुझी गाणी ऐकतो. विभा, तुझ्याकडे सगळं आहे. डॉक्टरचं तेवढं त्यांच्या कानावर घालू नकोस.

तुझीच,
अंजनीताई