लांब नळी माझ्याकडे

८ एप्रिल २००७, रविवार
अखेर आले. पाण्याखाली श्वास घेण्याचे दोन संच, आमच्या अमरावतीच्या बचाव मंडळाच्या नावाने. आजवर कोणी बुडाले की आम्ही काठावरून गळ टाकायचो आणि जे हाती लागेल ते वर काढायचो. आता खाली जाता येईल. वेळेवर कळले तर माणूस जिवंतही काढता येईल.
अट एकच. १० जूनला मुंबईहून तपासनीस येणार. डायव्हरची जोडी पाण्यात पास झाली तर संच आमचे. नाहीतर अकोल्याच्या पथकाला. अकोल्याला मी सुईसुद्धा देणार नाही.
जोडी म्हणजे मी आणि खुर्शीदबी. मंडळात पुरुष सभासद आहेत, ते चहाला असतात. खुर्शीदबी माझ्याच शाळेत शिवण शिकवायची, मी खेळ. ती वडिलांच्या विहिरीत पोहायला शिकली. मी विद्यापीठाची चॅम्पियन, १९६९. मुख्य डायव्हर कोण, हा प्रश्नच येत नाही.

१० एप्रिल
माहितीपुस्तिका दोनदा वाचली. सोपे आहे. सिलिंडरवर रेग्युलेटर बसतो, त्याला नळ्या. एका नळीच्या टोकाचे तोंड आपल्या तोंडात. दुसरे पिवळे तोंड जादा, छातीवर अडकवायचे. जोडीदाराची हवा संपली तर तिने ते घ्यायचे.
हवा खुर्शीदबीचीच संपणार. ती फार बोलते. म्हणजे देणारी मी, घेणारी ती. पुस्तिकेत दोन्ही पिवळ्या नळ्या लांब दाखवल्या आहेत, पण पुस्तिका लिहिणाऱ्याने खुर्शीदबीला पाहिलेले नाही. माझ्या सेटवर लांब पिवळी नळी ठेवली. तिच्या सेटवरची काढून सुट्या सामानातली आखूड लावली. तिची लांब नळी कपाटात जपून ठेवली, माझी खराब झाली तर असावी.
खुर्शीदबीला कळवले. म्हणाली, बाई, शाळेत तुमी खडू मोजून देत होत्या, आता मले हवाबी मोजून देनार का.
हसण्यावारी नेले. पुढाऱ्याने मन मोठे ठेवावे.

१५ एप्रिल, दुपार
अमरावतीची धूळ. एका दिवसात पिवळ्या तोंडावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी बसली. नवी कोरी वस्तू. जुन्या पडद्याच्या कापडाची दोन्हींना खोळ शिवली, तोंडाशी नाडी घातली. छान दिसतात.
आमचे यजमान नागसेन म्हणाले, टीव्हीले खोळ, मिक्सरले खोळ, फ्रिजच्या हँडललेबी खोळ. आता श्वासालेबी शिवून राहिली का. हे गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. तिथे झाकून ठेवायची सवय असती तर कालवे इतके भरले नसते गाळाने.

२२ एप्रिल
क्लबचा पोहण्याचा टँक बंद. पाणीच नाही. तलावात म्हशी उभ्या राहिल्या तरी पोट कोरडे. शेवटी नागसेनच्या चुलतभावाच्या, पुंजाजीच्या विहिरीवर गेलो. दोन्ही संच जीपमधून नेले, पायऱ्यांवरून खाली उतरवले, पाणी कमरेइतके. मी पूर्ण पोशाखात उभी. पुंजाजी वरून वाकून विचारतो, वहिनी, पानीच नाई तं बुडून कोन राह्यलं?
खुर्शीदबीला हसू आवरेना. नऊवारी नेसलेल्या दोन बायका घागर भरत होत्या, त्याही हसल्या. मी म्हटले, आपण बसून सराव करू. बसलो. गढूळ झाले म्हणून घागरवाल्या बायका रागावल्या. परत.

३ मे
भारनियमन. रोज दिवसाचा अर्धा भाग वीज नाही. हवा भरायचा कंप्रेसर सुरू केला की वीज जाते. वीज कंपनीला तक्रार लिहिली, फार सभ्य भाषेत. उत्तर नाही. दुसरी लिहिली, कमी सभ्य. तिलाही नाही.
फावल्या वेळात सगळ्या नळ्यांचे जोड पान्याने आवळले. पुस्तिका म्हणते हलक्या हाताने. हलक्या हाताने आजवर काय झाले आहे.

६ मे
जोडांतून हवा गळते. आतली रबरी कडी पिचली, सुट्या सामानातली नवी घातली. कंपनीचा माल हलका.

१३ मे
क्लबने टँकर मागवून टँक अर्धा भरला. पहिली बुडी. उत्तम गेली. मात्र माझी हवा खुर्शीदबीच्या आधी संपली. काटा खोटा असावा. मला वर यावे लागले, ती खालीच राहिली. खाली बसून काय करत होतीस विचारले, तर म्हणाली, काई नाई, शांत वाटलं.

२० मे
पुन्हा माझीच आधी संपली. आपसात सिलिंडर बदलले. तरी माझीच. म्हणजे दोन्ही सिलिंडर सदोष आहेत, पण आळीपाळीने.
खुर्शीदबीचे म्हणणे, तुमी पान्याखालीबी शिकवून राह्यल्या, बाई, बुडबुडे मोजले तं अख्खा तास होईल. खरे म्हणजे तिचा पट्टा सैल होता. दिसल्यावर सांगायचे नाही का? मी तोंडातली नळी दातात धरून सांगितले. तिने ऐकू आल्याचे दाखवले नाही.
नागसेन जेवताना म्हणाले, पान्यात तरी कमी बोल. वाटीतले वरण संपेपर्यंत मी बोलले नाही. जमते मला.

२१ मे
ठराव: पाण्याखाली एक शब्द नाही. फक्त हातवारे.

२७ मे
हातवाऱ्यांना जास्त हवा लागते.

९ जून, शनिवार
उद्या परीक्षा. सर्व तयार. माझ्या पिवळ्या तोंडाची खोळ काढली, कारण ते वापरायचे आहे. खुर्शीदबीच्या सेटवरची राहू दिली. ते वापरलेच जाणार नाही, मग तपासनिसासमोर धुळीने माखलेले कशाला दिसू द्यायचे. नाडीला दुहेरी गाठ मारली. नागसेनना सांगून ठेवले की उद्या संध्याकाळी लोक येतील, पेढे आणा. त्यांनी आधी निकाल लागू दे म्हटले. सरकारी नोकरीने माणसाचा आत्मविश्वास जातो.

१० जून, संध्याकाळ
तपासनीस दानियाल सर. वयाने आमच्या विद्यार्थ्यासारखे, पाण्यात मात्र चांगले. ठरल्याप्रमाणे खाली गेल्यावर खुर्शीदबीने हवा संपल्याची खूण करायची, मी पिवळी नळी द्यायची, जोडीने वर यायचे.
खाली गेलो. दानियाल सरांच्या पायाची ढब चुकीची होती. ती दाखवण्यात काही वेळ गेला. मग खुर्शीदबीच्या खुणेची वाट पाहत होते. ती करायच्या आधीच माझ्या तोंडात हवा येईना.
मी शांत होते. हे लिहून ठेवते, कारण लोक वेगळे सांगतील. मी शांतपणे खुर्शीदबीच्या छातीवरचे पिवळे तोंड धरले. त्यावर खोळ. गाठ सुटेना. मी मारलेली गाठ सुटत नसते.
खुर्शीदबीने स्वतःच्या तोंडातली नळी काढून माझ्या तोंडात कोंबली. मग खोळीची नाडी दातांनी तोडली, पडद्याचे कापड फेकले आणि पिवळे तोंड आपल्या तोंडात घेतले. नळ्या दोन्ही आखूड. गालाला गाल लावून वर आलो, ती माझ्या डोळ्यांत पाहत होती आणि हाताने हळूहळू खूण करत होती, सावकाश, सावकाश. लहान मुलांना करतात तशी. तिच्या मानेवर माझी नखे लागली आहेत. ती नखेच आहेत, भीती नव्हे.
वर आल्यावर दानियाल सरांनी कापड पाण्यातून काढून पिळले. खोळ कोणी शिवली विचारले आणि खुर्शीदबीकडे पाहिले, शिवण शिकवते म्हणून कोणी सांगितले असावे. ती म्हणाली, साहेब, नळी देल्ली मीच. पन शिलाई माही इतकी वाकडी नसते.
पेढे नागसेननी आणले नव्हते. एवढे बरे झाले.

१२ जून
सरांचा मंडळाला फोन. जोडी पास. खरोखर हवा संपलेल्या जोडीदाराला अशी वर आणणारी डायव्हर कमी पाहिली, असे म्हणाले. संच अमरावतीत राहणार. मुख्य डायव्हर खुर्शीदबी. दुसरी डायव्हर म्हणून पोस्टातल्या उज्माला शिकवायचे. मी काठावर दोर धरायचा.
माझ्या मते दोर हेच मुख्य पद आहे. खालच्या माणसाचा जीव वरच्याच्या हातात असतो. नागसेनना समजावून सांगितले. ते बराच वेळ होकारार्थी मान हलवत होते, तेच जरा खटकले.
लांब पिवळी नळी कपाटातून काढून खुर्शीदबीच्या सेटला लावली. हलक्या हाताने.

८ जुलै, रविवार
पहिले बोलावणे. मोझरीजवळच्या एका गावात विहिरीला पाणी आले आणि काठ खचून पाण्याची मोटार आत गेली. सगळा गाव काठावर. माणूस नव्हे, मोटार, तरी पेरणी तोंडावर, त्या घराला ती माणसाइतकीच.
खुर्शीदबी उतरली. मी दोर धरला, मनगटाला दोन वेढे घेऊन, ताठ. खाली काय चालले ते दिसत नाही, सांगताही येत नाही. नुसते बुडबुडे, थोडे आणि सावकाश. मोटारीला साखळी बांधून ती वर आली. लोकांनी तिला हात दिला.
तोंडातली नळी काढून आधी माझ्याशीच बोलली. म्हणाली, बाई, दोर जरासा ढिला सोडत जा. खाली दम कोंडते.
पुढच्या वेळी सोडीन. चार बोटे.