शून्य दाखवणारं व्हर्जन

१२ मार्च
जुना कॉम्प्युटर अखेर मेला! कोल्ड स्टोरेजमध्ये गारव्यासाठी वापरतात तो विषारी अमोनिया वायू गळला की भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम त्याच्यावरच होता. नानासो मालक म्हणाले, "तू पुण्याला शिकलीयास न्हवं? बसव नव्यावर." जणू पंखाच बसवायचाय.

१३ मार्च
प्रोग्रॅम पायथन या कॉम्प्युटर-भाषेच्या जुन्या व्हर्जनमधला, पायथन दोनचा. नव्यावर टाकलं पायथन तीन. नाव एकच, पण दोनसाठी लिहिलेलं तीनला जसंच्या तसं चालत नाही — पहिल्याच ओळीला अडलं! आकडा छापणाऱ्या 'प्रिंट' या शब्दापुढे कंस दिले, मग चालू झालं. हुश्श.

१४ मार्च
स्क्रीनवर यंत्रखोलीतल्या अमोनियाचा आकडा ०.२. नोकरीला लागल्यापासून इथं शून्याशिवाय काही बघितलं नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार.

१५ मार्च
चुकलं नाही. सेन्सरकडून आलेला आकडा शंभराने भागायचा, एवढंच तर प्रोग्रॅमचं काम. दोन्ही पायथन एकाच मशीनवर बसवली — बसतात, भांडत नाहीत — आणि दोघांना तीसच दिले. तीन म्हणालं ०.३. दोन म्हणालं शून्य! दशांश चिन्हापुढचं ते सरळ टाकून देतं. भोंगा वाजायला हवा ०.५ ला. म्हणजे आजवर एक पुरा होईपर्यंत तो गप्पच बसला असता. आणि एक झाल्यावर कुणी दारापर्यंत पोचत नाही.

आई तिथंच बेदाणा निवडते, यंत्रखोलीला लागून. रात्री जेवताना विचारलं. "डोळं लय चुरचुरत्यात गं. पर वास न्हाई येत आता. आदी यायचा."

वास गेला नाही, नाक सरावलंय तिचं. मला भीती वाटतेय.

१७ मार्च
०.४. मालकांना सगळं दाखवलं, मेकॅनिक बोलवा म्हटलं. "आन् सीझनात मशीन बंद ठिवू? जुनं बरं हुतं. त्येच घाल." मी नाही घातलं.

१८ मार्च
०.५. भोंगा वाजला! बायका बाहेर पळाल्या. मालकांनी वायर उपटली आणि सगळ्यांना परत आत धाडलं. "नवा कॉम्प्युटर हाय, येडा झालाय. जावा, काय न्हाई." बायका हसल्या. आईसुद्धा. मग मालक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आज जुनं घालायचं. न्हाईतर जाताना आईला बी संगं न्यायचं, कायमचं."

आमच्या दोघींवर घर चालतं. घातलं.

शून्य. स्वतःची शिसारी आली.

आईला सगळं सांगितलं, उद्या जाऊ नको म्हटलं. "आगं, बंद झाला की भोंगा. तू उगं जिवाला लावून घेतीस."

१९ मार्च
नानासोंचं टेबल, खुर्च्या, चहाची किटली, सगळं सकाळी टेम्पोत भरून सांगली रस्त्यावरच्या गाळ्यात गेलं. "हितं लय गार पडतंय," म्हणाले. मार्चमध्ये! माझा आकडा खरा मानणारा एकटाच माणूस निघाला, आणि तो निघून गेला.

आई आत आहे. तिला बाहेर काढायला चालले मी.